मेळावा घ्यावा की बुधवारचं टेबल लावावं?

निकाल लागले की नाशिकमधल्या कॉलेजांत आणि आयटीआयत प्लेसमेंट सांभाळणारे एकमेकांना फोन करू लागतात. प्रश्न ठरलेला असतो: यंदा रोजगार मेळावा घेताय का? गेली काही वर्षं माझं उत्तर 'नाही' असं आहे. त्यावर समोरच्याचा पुढचा प्रश्नही ठरलेला, मग पोरांचं काय करता? त्याचं उत्तर फोनवर नीट देता येत नाही, म्हणून लिहून काढतोय. दोन्ही प्रकार मी करून पाहिलेत. कोणाला काय मानवेल ते ज्याच्या त्याच्या संस्थेवर आहे, हे आधीच कबूल. तरी माझा कल लपेल असं वाटत नाही.

पहिला प्रकार म्हणजे वर्षातून एकदा मोठा रोजगार मेळावा. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राला सोबत घ्यायचं आणि कंपन्या, महामंडळं, बँका अशा सगळ्यांची टेबलं एका मांडवात लावायची. दुसरा प्रकार म्हणजे आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी कॉलेजातच एक टेबल, त्यावर एक कायमचा माणूस आणि एक सामाईक यादी. निरनिराळ्या खात्यांची माणसं पाळीपाळीने तिथे येतात. आमचा वार बुधवार, कारण गोदाकाठचा बाजार त्या दिवशी भरतो आणि गिरणारे, हरसूल, पेठकडच्या घरांतलं कोणी ना कोणी तसंही शहरात आलेलं असतं.

'महास्वयं' या राज्याच्या रोजगार पोर्टलवर नोंदणी कशी करायची, मेळाव्याचा अर्ज कुठे असतो, हे या कामातल्यांना सांगायची गरज नाही. ते सोडून पुढे जातो.

मुळात सगळ्यांना एकत्र आणायची धडपड का करावी लागते? कारण एकाच पोरासमोर आज बरीच दारं आहेत आणि प्रत्येक दार वेगळ्या खात्याचं आहे. महास्वयं आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना राज्याच्या कौशल्य विभागाची. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेलं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल केंद्राच्या श्रम मंत्रालयाचं. आयटीआयवाल्याला कारखान्यात शिकाऊ (अप्रेंटिस) म्हणून जायचं तर नॅप्स ही योजना, ती केंद्रीय कौशल्य मंत्रालयाकडे. डिप्लोमा-डिग्रीवाल्यांची तशीच योजना नॅट्स मात्र शिक्षण मंत्रालयाकडे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली पीएम इंटर्नशिप कंपनी व्यवहार मंत्रालयाची. गावाकडच्या मुलामुलींसाठी असलेली दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना ग्रामविकासची. आदिवासी मुलांसाठी आदिवासी विकास विभाग, ज्याचं आयुक्तालयच आपल्या गावात आहे आणि जिल्ह्यात नाशिक आणि कळवण असे दोन प्रकल्प आहेत. शिवाय धंदा करायचा म्हटलं की जिल्हा उद्योग केंद्र. प्रत्येकाचं पोर्टल वेगळं, उमेदवाराला मिळणारा नंबर वेगळा आणि मार्चअखेर गाठायचं उद्दिष्टही वेगळं.

हा गुंता आजचा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्यांसाठी निघालेल्या रोजगार कचेऱ्यांचा रोजचा कारभार केंद्राने १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांकडे दिला आणि धोरण स्वतःकडे ठेवलं. तेव्हापासून दोन घरांत एक चूल अशी गत आहे. १९५९च्या कायद्याने २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा कळवायला लावल्या, दर तिमाहीला माणसांच्या संख्येचा ईआर-१ तक्ता भरायला लावला, पण त्या यादीतूनच माणूस घ्या असं म्हटलं नाही. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी भरतीतही नुसत्या रोजगार कचेरीच्या यादीवर थांबू नका, जाहिरातही द्या असं सांगितलं. त्यानंतर रोजगार कचेरीच्या नोंदणी कार्डाला पूर्वीचं वजन राहिलं नाही. आमच्या वडिलांच्या पिढीत मात्र दर तीन वर्षांनी कार्ड नूतनीकरणाला जाणं हा सणासारखा रिवाज होता.

आता मेळाव्याची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. सिन्नरच्या किंवा गोंद्याच्या मोठ्या कारखान्याला एकदम ऑपरेटर हवे असतात, तेव्हा त्यांच्या एचआरला दर बुधवारी आमच्याकडे येणं परवडत नाही. एका दिवसासाठी मात्र ते खुशीने येतात. दुसरं, पालक. पेठ-सुरगाण्याकडच्या मुलीला नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत एकटीने पाठवायला घर तयार नसतं. तोच बाप मेळाव्याला आला, कंपनीच्या माणसाशी बोलला, बस कुठून सुटते आणि शेवटची पाळी कधी संपते हे विचारलं, की निम्मं काम होतं. टेबलाला हे जमायला फार वेळ लागतो. तिसरं, पैसा. मांडव, बॅनर, नाश्ता यांना संस्थाचालक लगेच हो म्हणतात, कारण लोकप्रतिनिधी येतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. बुधवारच्या टेबलाचा फोटो कोणी छापत नाही. त्यामुळे त्यासाठी अर्धवेळ माणसाचा पगार मंजूर करून घेताना तोंडाला फेस येतो.

आणखी एक गोष्ट मेळाव्याच्या बाजूने सांगायला हवी. पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्या मुलाला एका दुपारी इतक्या कंपन्या दिसतात, वेल्डिंग म्हणजे फक्त गल्लीतलं वर्कशॉप नव्हे हे कळतं, मुलाखतीची भीती चेपते. हा फायदा मोजता येत नाही, पण आहे.

मग अडलं कुठे?

एक अडचण क्रमाची आहे. ती छोटी वाटते, पण पोराच्या वर्षावर बेतते. पीएम इंटर्नशिप २०२४ मध्ये आली तेव्हा तिला २१ ते २४ वयाची अट होती. बारा महिने, महिना ५,००० रुपये आणि वर एकरकमी ६,०००, आणि कंपन्या देशातल्या आघाडीच्या ५०० पैकी. पण नॅप्स किंवा नॅट्समधून शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्याला ती मिळत नाही. सध्या दुसऱ्या कुठल्या सरकारी प्रशिक्षणात असलेल्यालाही मिळत नाही. युवा कार्य प्रशिक्षणाचा लाभ एका माणसाला एकदाच; बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,००० रुपये महिना. मुदत आधी सहा महिने होती, नंतर ती अकरा झाली. म्हणजे कोणतं आधी घ्यायचं यावर पुढचं कोणतं उघडं राहतं ते ठरतं. मेळाव्यात ज्या टेबलासमोर रांग कमी, तिथे पोरगं पहिलं उभं राहतं. त्या टेबलावरचा माणूस आपल्याच योजनेचं सांगणार, त्यात त्याला दोष देता येत नाही. त्याला त्याचं उद्दिष्ट आहे. पण शेजारच्या टेबलावरचं दार यामुळे बंद होतंय, हे सांगणारं त्या मांडवात कोणी नसतं. बुधवारी टेबलावर बसलेला माणूस निदान एवढं विचारतो: तुझं वय काय, पुढे शिकायचंय का, घरी पैसे लगेच हवेत का? सिव्हिल डिप्लोमाच्या मुलाला तो नॅट्स सांगेल, टर्नरला नॅप्स सांगेल. बीकॉम झालेल्या, घरची निकड असलेल्या मुलीला सध्या युवा प्रशिक्षण घे म्हणेल.

तरीही एवढ्यावर मी मेळावा सोडला नसता. क्रमाची माहिती मेळाव्याच्या दारावर एक माणूस बसवूनही देता येते. मला ज्याने कायमचं बाजूला केलं ते दुसरंच आहे: मेळाव्यानंतर, कोण खरंच कामावर लागलं हे शोधायला गेलं की हाती काही लागत नाही.

संध्याकाळी आकडा जाहीर होतो: इतक्या जणांनी मुलाखत दिली, इतक्यांची प्राथमिक निवड झाली. टाळ्या होतात. आपण पंधरा-वीस दिवसांनी यादी काढून बसतो. प्रत्येक टेबलाची यादी वेगळी. कोणाची कागदावर, कोणाची एक्सेलमध्ये, कोणाची फक्त त्याच्या मोबाइलमध्ये. एकच पोरगं चार याद्यांत असतं, पण चार वेगळ्या नावांनी. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी. सोनवणे इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं. लग्न झालेल्या मुलीचं कागदावर माहेरचं आडनाव आणि बँकेत सासरचं. फोन नंबर घ्यायचा तर महास्वयंवर पहिल्यांदा नोंदणी केली तेव्हा भावाचं सिम दिलेलं, भाऊ आता वापीला कामाला, ओटीपी तिकडे जातो. दुसऱ्या पोर्टलवर सायबर कॅफेवाल्याने स्वतःचाच नंबर टाकून दिलेला. अशा चार याद्या जुळवायला बसलो की निवड झालेल्यांचा आकडा हळूहळू आटत जातो आणि तो खरा किती हे शेवटपर्यंत कळत नाही.

त्यातून पोरगं सापडलं आणि तो म्हणाला, सर, मी लागलो, की आपण कंपनीला फोन करतो. तिथून उत्तर येतं, आमच्या रोलवर या नावाचं कोणी नाही. कोणती कंपनी ते सांगत नाही आणि सांगायची गरजही नाही, कारण ही एका कंपनीची गोष्ट नाही. टेबलावर बॅनर कंपनीचा होता, बसलेला माणूस ठेकेदाराचा होता. पोरगं त्याच गेटमधून आत जातं, त्याच मशीनवर उभं राहतं, पण हजेरीपट ठेकेदाराचा. ठेका संपला की तो रातोरात घरी. वर्षाअखेर त्याच्याच नावापुढे एका यादीत 'निवड' असते, दुसऱ्या यादीत तो 'बेरोजगार, नोंदणी चालू' असतो आणि तिसरीकडून त्याला नव्या मेळाव्याचा मेसेज जातो.

ग्रामीण कौशल्य योजनेतली एक गोष्ट मला यात आवडते. तिथे प्रशिक्षण संस्थेला मुलगा 'लागला' असं दाखवायचं तर निदान तीन महिने पगार झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. मेळाव्यात त्याच संध्याकाळी आकडा जाहीर होतो. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी, एकाच वयाच्या मुलांबद्दल दोन सरकारी यंत्रणा इतक्या वेगळ्या मापाने मोजत असतील, तर त्या एका मांडवात बसल्याने त्यांच्यात समन्वय झाला असं मला म्हणवत नाही.

टेबलावर आम्ही याच गोष्टीवर सगळा जोर दिला. यादी एकच. मुलाचं नाव जसं आधारवर आहे तसंच, आणि आईचा मोबाइल नंबर. वडिलांपेक्षा आईचा नंबर कमी बदलतो असा आमचा अनुभव, पटेल न पटेल. पहिल्याच भेटीत सगळ्या पोर्टलांवरचे जुने मोबाइल नंबर बदलून घ्यायचे. हे कंटाळवाणं काम आहे, पण यात गेलेला बुधवार पुढे अनेक बुधवार वाचवतो. मग नोकरी लागली म्हणणाऱ्याला तीन महिन्यांनी बोलवायचं आणि भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक त्याच्याच मोबाइलवर उघडायला लावायचं. पीएफ खातेदाराचा यूएएन नंबर नोकरी बदलली तरी तोच राहतो आणि तिथे आस्थापनेचं नाव स्पष्ट दिसतं. कंपनी की ठेकेदार, हा वाद तिथे संपतो. शिकाऊ उमेदवारांना पीएफ लागू नसतो, त्यांच्यासाठी नॅप्सच्या कराराचा नंबर. युवा प्रशिक्षणवाल्यांसाठी महिन्याची हजेरी चढली का आणि बँकेत पैसे आले का, एवढंच. ही यादी आम्ही जिल्हा केंद्राला, आयटीआयमध्ये शिकाऊ उमेदवारांचं काम बघणाऱ्या बीटीआरआय विभागाला आणि आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयाला दाखवतो. मुलाच्या संमतीशिवाय काही पाठवत नाही, पण समोरासमोर बसून 'हा तुमच्याकडेही आहे का' असं विचारता येतं. खात्यांमधला समन्वय म्हणतात तो मला प्रत्यक्षात एवढाच भेटलाय: एका लॅपटॉपभोवती दोन माणसं आणि मध्ये चहा.

टेबलाचा आणखी एक फायदा लहान कारखान्यांचा. अंबड-सातपूरमधले जॉबवर्क करणारे छोटे वेंडर मेळाव्यात येत नाहीत. त्यांना एकच व्हीएमसी (संगणकावर चालणारं कटिंग मशीन) ऑपरेटर हवा असतो, तोही सोमवारपासून. शिकाऊ कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्यांना अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. त्याखालच्यांवर सक्ती नाही, पण चार माणसांचं वर्कशॉपही शिकाऊ घेऊ शकतं, हे त्यातल्या अनेकांना माहीतच नसतं. सरकार विद्यावेतनातला चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, थेट मुलाच्या खात्यात भरतं असं सांगितलं की मालक खुर्ची ओढून बसतो. आमच्याकडची बरीच चांगली कामं अशा छोट्या शेडमधून आली. तिथे पोरगं मशीनचं सेटिंग शिकतं, मोठ्या कारखान्यात फक्त बटण दाबतं, असं माझं मत. मोठ्या कारखान्यातले मित्र यावर चिडतात.

टेबलाचे दोष मात्र झाकणार नाही. सुरुवातीचे कित्येक आठवडे कोणी फिरकत नाही आणि प्राचार्य व्हरांड्यातून जाताना रिकाम्या खुर्चीकडे बघतात. खात्यातल्या ज्या अधिकाऱ्याशी सूत जमलेलं असतं त्याची बदली होते आणि नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. ज्याच्या हातात यादी, तो आजारी पडला किंवा सोडून गेला, की गाडी थांबते. परीक्षेच्या दिवसांत तर टेबल उघडं ठेवण्यात अर्थ नसतो. आणि खरं सांगायचं तर आकड्यांत टेबल नेहमीच मेळाव्यापुढे खुजं दिसतं. वार्षिक अहवालात 'निवड' हजारात आणि 'तीन महिन्यांनंतर पगार चालू' हे काही डझनांत, असं शेजारी शेजारी आलं तर व्यवस्थापन कोणता आकडा पुढे करील हे उघड आहे.

तुमची संस्था नवी असेल, कंपन्यांशी ओळखच नसेल, तर पहिल्या वर्षी मेळावा घ्या, असं मीसुद्धा सांगेन. ओळखी तिथेच होतात. मोठ्या शहरी कॉलेजांना, जिथली मुलं फोन स्वतः वापरतात आणि कागद नीट असतात, त्यांना मेळाव्याचा त्रास कमीच होईल. पण तुमच्याकडची मुलं दिंडोरी, पेठ, त्र्यंबककडची असतील, घरात पहिल्यांदाच कोणी पगाराची नोकरी बघत असेल, तर एका दिवसाच्या गर्दीपेक्षा दर आठवड्याचा एक ओळखीचा चेहरा त्यांना जास्त उपयोगी पडतो, असं मला वाटतं. दोन्ही एकत्र करणारेही आहेत. वर्षाला एक मेळावा आणि त्याची यादी पुढे टेबलाने चालवायची. माणूसबळ असेल तर हे सगळ्यात चांगलं. आमच्याकडे ते नव्हतं, म्हणून एकच निवडावं लागलं.

मेळावा घ्यायचाच ठरला तर दोन गोष्टी सांभाळा. सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर टाळा. त्या दिवसांत द्राक्षबागांची छाटणी चालू असते आणि दिंडोरी-निफाडची मुलं बागेत असतात. मांडव रिकामा राहतो आणि 'मुलांना नोकरीच नको' असा शेरा उगाच बसतो. आणि प्रत्येक कंपनीच्या टेबलावर बसणाऱ्याकडून आदल्या दिवशीच लेखी घ्या, की नेमणूकपत्र कोणाच्या लेटरहेडवर निघणार आणि पीएफ कोणाच्या कोडवर भरला जाणार.